मिठाच्या डब्यातली वाटी

आधी सरलाभाभींचं नाव लिहितो. संपादकांनी मला कामातले अनुभव लिहायला सांगितलंय आणि ते मी लिहीनच. पण जालन्यात माझा पाय टिकला तो या बाईंमुळे, तेव्हा त्यांचं नाव मागं राहायला नको. सरलाभाभी म्हणजे जुन्या मोंढ्याजवळच्या एका लोणची-पापडवाल्या मारवाडी घरातली थोरली सून. मी त्यांच्याकडे टाइप करायला होतो.

माझं काम थोडक्यात सांगतो. दुकानदार, कारखानदार, बागायतदार अशांसाठी मी इंटरनेटवर लिहितो आणि ते वाचणारी माणसं जमवतो. हल्ली याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात, पुण्यात त्याचे वर्ग चालतात. आम्ही सुरू केलं तेव्हा दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, आणि या कामाला निदान जालन्यात तरी काही नाव नव्हतं. भाभींचे सासरे, बाबूजी, त्याला 'फुकटचं वाटप' म्हणायचे.

मी मूळचा कुडाळकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. मामा जालन्यात सळईच्या कारखान्यात होता, त्यानं बोलावून घेतलं. भट्टीजवळ मी महिनाभरसुद्धा टिकलो नाही. मग एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायला लागलो. पुढे मामा गावाकडे परत गेला, मी राहिलो. परत जाऊन सांगणार काय, हाही प्रश्न होता. पत्रिकेत नवरदेवाच्या चुलत्याचं नाव चुकलं तर वऱ्हाड दुकानात येतं, हे मी पाहिलेलं होतं. त्यामुळे प्रत्येक ओळ तीनदा वाचायची सवय लागली. तीनदा वाचूनही छातीत धडधड असायचीच. ती आजही आहे.

त्या दुकानात भाभींचे यजमान किशोरजी बरण्यांची लेबलं छापायला यायचे. एकदा म्हणाले, "आमच्या घरी येतो का रे? मंडळींना इंटरनेटवर काय काय लिहायचंय. पोरीनं पुण्याहून डोक्यात भरवून दिलं. मला तर त्यातलं ठो कळत न्हाई."

मी गेलो. गोदामावरची एक खोली राहायला मिळाली. दुकान पुढे, स्वयंपाकघर मागे, आणि मधल्या खोलीत कॉम्प्युटर. दुकान आणि मधली खोली यांच्यामध्ये एक पडदा. त्या पडद्याचं महत्त्व मला दुसऱ्या दिवशी कळलं.

भाभी सासऱ्यांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. डोक्यावर पदर, आणि सासऱ्यांना काही सांगायचं तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून. सासूबाई होत्या तोवर त्या मध्ये असायच्या. त्या गेल्यावर नातवंडं, आणि नातवंडं शिकायला बाहेर गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. बाबूजी गादीवर, भाभी पडद्यामागे, मी उंबऱ्यात.

"भैया, बाबूजींना सांग, ताक ठेवलंय."

"बाबूजी, ताक ठेवलंय."

"तिला सांग, ऐकलं मी."

दोघंही एकमेकांना स्पष्ट ऐकत होते. तरी मी सांगायचो. सुरुवातीला हसू यायचं, मग सवय झाली.

ब्लॉगला बाबूजींनी परवानगी दिली ती दोन अटींवर. एक, दुकानाच्या नावाला धक्का लागता कामा नये. दुसरी, सुनेचं नाव कुठं यायचं नाही. "बायकांचं नाव बाजारात कशाला? घरचं लिहा, घराच्या नावानं लिहा." म्हणून ब्लॉगवर प्रत्येक लेखाखाली 'आमच्या घरून' एवढंच असायचं. भाभी एवढंच म्हणाल्या, "लिहू तर देऊन राह्यले ना. बास."

भाभी परभणीकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. त्या भाजी निवडत सांगायच्या आणि मी टाइप करायचो. पहिला लेख मी आधीच्या सवयीनं लिहिला होता. शुद्ध, रुचकर, पारंपरिक, आजच भेट द्या. भाभींनी तो ऐकला आणि विचारलं, "भैया, तुझी आई पत्र पाठवते तुला, त्यात 'आजच भेट द्या' असं लिहिते का?"

"नाही."

"मंग हे कोणाला लिहून राह्यला तू?"

मी ते पुसलं. या धंद्यातलं माझं शिक्षण तिथून सुरू झालं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय, लिहिलं की लोक वाचतात. तसं होत नाही. इंटरनेटवर लिहिणं म्हणजे पडद्याआडून बोलण्यासारखं आहे, ऐकणारा कोण ते दिसत नाही. तो पुन्हा यावा म्हणून काही गोष्टी पाळाव्या लागतात. आमच्या सगळ्या भाभींनी बसवलेल्या. वार एकच, बुधवार. वीज नसली तर मी सायबर कॅफेत जाऊन लेख चढवायचो, तिथं जनरेटर होता. कुरडयांवर लिहायचं ते उन्हाळा लागण्याआधी, कुरडया वाळत घातल्यावर लिहून उपयोग काय? लेखात भाव लिहायचा नाही. शेवटी एक प्रश्न विचारायचा, तोही खराखुरा, ज्याचं उत्तर आपल्याला पाहिजे असा. आणि खाली कोणी दोन शब्द लिहिले, तर त्याला नावानं उत्तर द्यायचं. "घरी आलेल्याला पाणी न्हाई का विचारत आपण?" असं भाभींचं म्हणणं.

मी काही तांत्रिक खटपटी करायचो. डीटीपीतल्या अक्षरांचा लेख चढवला की वाचणाऱ्याला नुसते चौकोन दिसायचे, म्हणून सगळं नव्यानं टाइप करायला शिकलो. दुसऱ्यांच्या ब्लॉगवर जाऊन वाचून यायचो, काही आवडलं तर खाली तसं कळवायचो. पार्सलमध्ये ब्लॉगचा पत्ता छापलेली चिठ्ठी टाकायचो. पानाच्या तळाशी वाचकांचा आकडा दिसायचा. सकाळी उठलो की आधी तो बघायचा, मग चहा. पहिले काही आठवडे तो आकडा म्हणजे मी, भाभींची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी एवढाच होता. मग औरंगाबाद, नाशिक, इंदूर, एक बाई तर थेट अमेरिकेतून. जालन्यातून उठून गेलेली माणसं पापडाच्या लाट्यांवर चार-चार ओळी लिहायची.

दर गुरुवारी मी लेख कागदावर छापून बाबूजींच्या गादीवर ठेवायचो. ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे. एकदा म्हणाले, "बराबर बोलते ही." 'लिहिते' म्हटलं नाही त्यांनी. इतक्या वर्षांत सुनेची चार वाक्यं सलग त्यांनी बहुधा तिथंच ऐकली असावीत.

मध्येच एक पुढची गोष्ट सांगतो, म्हणजे भाभी काय शिकवत होत्या ते कळेल. मी स्वतःची कामं घ्यायला लागलो तेव्हा अंबडचे एक ठिबकच्या नळ्या विकणारे शेठ आले. सोबत त्यांचा मित्र.

"हजार वाचक पाह्यजेत मला. जल्दी."

"चालेल. लिहायचं काय?"

"लिहायचं काय त्यात? माझा फोटो टाक. खाली फोन."

"फोटो लोक किती वेळा बघतील, शेठ?"

"का? बायको रोज बघते."

मित्र म्हणाला, "तिला इलाज न्हाई म्हणून."

मी सांगितलं, की नळ्या क्षारानं तुंबतात, त्या घरी कशा साफ करायच्या ते आधी लिहू. शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "येडा हायेस का? लोकं घरीच साफ करायला लागली तर माझ्याकडं कशाला येतील?" मी म्हटलं, पुढच्या नळ्या घ्यायला तुमच्याकडेच येतील, कारण खरं तुम्ही सांगितलं. ते उठून गेले. पुन्हा आले नाहीत. या कामात असेही असतात, आणि त्यांचं चुकतं असंही मला छातीठोक म्हणता येत नाही. आम्हालाही असं सगळं सांगून टाकणं एकदा फार महागात पडणार होतं. तेच आता सांगतो.

एका उन्हाळ्यात भाभींनी कैरीच्या लोणच्यावर लेख सांगितला. घरची रीत, बडीशेप-मेथी घालून. कैऱ्या पुसून कोरड्या करण्यापासून बरणीच्या तोंडावर फडक्याचा दादरा बांधेपर्यंत सगळं. "एक वाटी मीठ," भाभी म्हणाल्या, मी टाइप केलं. "एक वाटी बडीशेप. अर्धी वाटी मेथी. मोहरीची डाळ दोन वाट्या." मी तीनदा वाचलं. भाभींना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. तो लेख तोवरच्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त वाचला गेला. आकडा बघून किशोरजींनी मला जिलबी आणून दिली.

जुलैत प्रतिक्रिया यायला लागल्या. इंदूरहून एक, लोणच्याला वरून पांढरं आलंय. औरंगाबादहून दुसरी, वास येतोय. नाशिकच्या एक बाई दर बुधवारी आमच्या लेखाखाली काहीतरी लिहायच्या. त्यांनी फक्त लिहिलं, 'सासूबाईंसाठी सगळ्या बरण्या भरल्या होत्या.' त्यापुढे काही नाही. मी लेख काढून वाचला. पुन्हा वाचला. अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. तरी तिसऱ्यांदा वाचला, कारण माझं तसंच आहे. कुठं काही बिघडलं की आधी वाटतं, आपलंच असणार.

किशोरजी म्हणाले, "त्या कॉमेंटी उडवून टाक. अन् तो लेखबी उडव. लोकं म्हणतील, यांचं दुकानातलं लोणचंबी असंच नासतं."

माझं बोट त्या बटणावर होतं. भाभी म्हणाल्या, "थांब. उत्तर द्यायच्या आधी घर सोडून पळायचं का?" पण उत्तर काय द्यायचं, हे त्यांनाही कळत नव्हतं. त्यांचं स्वतःचं लोणचं त्याच मापाचं, आणि ते मागच्या खोलीत ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाईक असताना एक बाई आल्या. अंबडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पहिल्या एसटीनं आल्या होत्या. मांडीवर घेऊन आणलेली बरणी त्यांनी बाबूजींच्या पुढ्यात ठेवली आणि दादरा सोडला. वास सगळ्यांना आला.

"हे बघा तुमचं लोणचं."

"आमचं न्हाई हो बाई," बाबूजी म्हणाले. "आमच्या बरणीवर लेबल असतं."

"तुमच्याच ब्लॉगमधलं आहे. भाच्यानं छापून आणल्तं. मी बराबर तुमच्या मापानं केलं. चाळीस वर्षं पोरांना मापं शिकवली मी, मला माप कळत न्हाई असं म्हणू नका."

गिऱ्हाईकं थांबली. एकानं हातातली पापडाची पुडी हळूच परत ठेवली. बाबूजींनी ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कोणाची चूक ही?"

मी उत्तर देणार त्याआधी किशोरजी बोलले. "टाइप करणाऱ्याची, बाबूजी. आठवीतून शाळा सोडलेलं पोरगं. त्यानं लिहिताना घोळ घातला असंल." मग बाईंकडे वळून, "माफ करा बाई, टायपिंगची चूक झाली. दुरुस्त करतो."

किशोरजी वाईट माणूस नव्हते. दुकान वाचवायला त्या घडीला हाताशी जे आलं ते त्यांनी पुढं केलं, आणि हाताशी मी होतो. टायपिंगची चूक म्हटलं की सगळ्यांचं भागत होतं. लोणचं वाचलं, घर वाचलं. बाबूजी म्हणाले, "मंग याला उद्यापासून येऊ देऊ नका." म्हणजे काम गेलं, आणि गोदामावरची खोलीही. मी तोंड उघडलं ते 'हो, माझीच चूक' असं म्हणण्यासाठी. खरंच सांगतो, तोपर्यंत मला तसं वाटायलाही लागलं होतं.

पडदा सरकला आणि भाभी दुकानात आल्या. डोक्यावर पदर होता, हातात थाळी होती, थाळीत वाट्या होत्या. दुकानात त्या कधी येत नसत. किशोरजी "अगं" एवढंच म्हणू शकले.

"बाई, तुम्ही कोणती वाटी घेतली?" भाभींनी विचारलं.

"आमटीची. कोणती घेणार?"

"सगळ्याला तीच?"

"माप एक असतं, मुली. मीठ असो की मेथी."

भाभींनी थाळी गादीवर ठेवली. "आमच्यात तसं न्हाई. आमच्यात ज्या त्या डब्यात ज्याची त्याची वाटी असते. ही मिठाच्या डब्यातली." ती काशाची, खोलगट, चांगली ओंजळभर होती. "ही बडीशेपेची. ही मेथीची, ही तर बाळाला दूध पाजायची. घरात कोणीबी म्हणलं वाटीभर मीठ, तर ही वाटी. मला कधी वाटलंच न्हाई की लोकांच्या घरी अशा न्हाईत."

बाईंनी काशाची वाटी उचलली, आतून बघितली. मग माझ्याकडून आमटीची एक वाटी मागवली आणि मीठ मागवलं. काशाची वाटी भरून त्यांनी ते मीठ दुसरीत ओतलं. ती भरली. ती रिकामी करून पुन्हा ओतलं. पुन्हा भरली, आणि काशाच्या वाटीत अजून मीठ शिल्लक होतं.

"म्हणजे मी निम्म्याहून कमी मीठ घातलं," बाई म्हणाल्या. "नासेल न्हाई तर काय."

तेव्हा भाभींनी बाबूजींकडे तोंड केलं. माझ्याकडे नाही. "चूक माझी आहे, बाबूजी. भैयानं मी सांगितलं तेच लिहिलं. त्याला काढू नका."

हे वाक्य मी पोचवायचं नव्हतं. मी उंबऱ्यात तसाच उभा राहिलो.

बाबूजींनी ती काशाची वाटी हातात घेतली होती. त्यांच्या बायकोची होती ती, सुनेला लोणचं तिनंच शिकवलेलं. त्यांनी वाटी उलटी करून तिच्या बुडावरचं नाव बघितलं आणि खाली ठेवली. मग भाभींना नाही, मलाच म्हणाले, "तिला सांग, असं ब्लॉगवर लिही. अन् टायपिंगची चूक म्हणू नका. जिची आहे तिचं नाव घाला खाली."

मी भाभींना सांगितलं. त्या दोन हातांच्या अंतरावरच उभ्या होत्या.

अंबडच्या बाईंना आम्ही नवी बरणी देऊ केली. त्या म्हणाल्या, "लोणचं नको. ती काशाची वाटी द्या."

"ती न्हाई मिळणार, बाई," बाबूजी म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "ती गेली तर आमचंबी नासंल." बाई मग चमच्यानं सगळ्या वाट्या मोजून, आकडे मला सांगून, दुपारच्या एसटीनं गेल्या. जाताना म्हणाल्या, "नीट लिही रे. समजून घेणारे सगळे अंबडहून उठून येणार न्हाईत."

फोटो स्टुडिओतून कॅमेरा मागून आणला. सगळ्या वाट्या डब्यांपुढे ओळीनं ठेवून फोटो काढला, प्रत्येकीखाली चमच्याचं माप घातलं. वर भाभींनी सांगितलं तसं चार ओळींत काय झालं ते लिहिलं. खाली 'आमच्या घरून' लिहिलं नाही. लिहिलं, 'चूक माझी. सरला.' ते नाव मी तीनदा वाचलं. पाच मिनिटं लेख चढवायचं बटण दाबवेना. भाभी मागून म्हणाल्या, "दाब ना भैया, लोकांचं लोणचं थांबून राह्यलं."

त्या लेखाला ज्या प्रतिक्रिया आल्या तशा पुन्हा कधी आल्या नाहीत. लोकांनी आपापल्या घरातल्या मापांबद्दल लिहिलं. कोणाकडे फुटक्या कपानं डाळ मोजतात, कोणाची आई मुठीनंच घालते. दुकानातलं लोणचं त्या वर्षी लवकर संपलं. आज मी नवीन मुलांना शिकवताना सांगतो, की चुकीची कबुली लपवू नका, वाचक तिथंच पक्का होतो. हे खरं आहे. पण तेवढंच सांगितलं तर निम्मं राहतं. नाशिकच्या त्या बाई परत आल्या नाहीत. मी त्यांना दोनदा लिहिलं, भाभींनी एकदा लिहायला लावलं. उत्तर नाही. त्यांच्या सासूबाईंनी त्या बरण्यांवरून काय ऐकवलं असेल, हे अजून मनात येतं.

पुढच्या बुधवारी पुन्हा 'आमच्या घरून' सुरू झालं. कोणी ठरवलं नव्हतं, झालं तसं. भाभी पुन्हा पडद्यामागे गेल्या, मी पुन्हा उंबऱ्यात. "बाबूजींना सांग, ताक ठेवलंय." बाबूजी गेले तोवर हेच चालू होतं. फक्त एक बदललं. त्या दिवसानंतर बाबूजी मला सांगायच्या आधी पडद्याकडे बघायचे.

मग मी वेगळा झालो, स्वतःचं छोटं ऑफिस टाकलं. जालन्याच्या बियाणेवाल्यांपासून केदारखेड्याच्या मोसंबीवाल्यापर्यंत अनेकांसाठी लिहिलं. ब्लॉग कधीचाच थांबला. त्यावरचे फोटो आता दिसत नाहीत, अक्षरं आहेत. किशोरजींचं दुकान आता मोबाईलवर चालतं. भाभींना डोळ्यांनी कमी दिसतं. दिवाळीला मी जातो तेव्हा त्या अजून विचारतात, "भैया, कोणी लिहिलंय का काही?" कधीतरी एखादी प्रतिक्रिया आलेली असते. मी वाचून दाखवतो. त्या उत्तर सांगतात, मी टाइप करतो.

परवा ऑफिसात बसून मी त्यांचे सगळे लेख उतरवून घेतले. एवढ्या लेखांत त्यांचं नाव एकदाच आहे, आणि ते चुकीखाली आहे. ते नाव तिथं गेलं म्हणून माझं नाव या गावात राहिलं. भाभींना अजून सांगितलेलं नाही, इथंच सांगतो. त्या सगळ्या लेखांचं एक पुस्तक मी करणार आहे. पानं मीच जुळवीन. मागच्या पानावर दुकानाची जाहिरात नसेल. मुखपृष्ठावर त्याच वाट्यांचा नव्यानं काढलेला फोटो, आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत, पूर्ण, त्यांचं नाव. कधी होईल ते आज सांगता येत नाही, पण ते नाव मी आणखी एकदा टाइप करणार आहे, भाभी.